नाकाशिमांची वखार

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यू होप हे छोटे गाव आहे. गावालगतच्या ॲक्वेटाँग रस्त्यावर, दक्षिणेकडे उतरत जाणाऱ्या झाडीच्या टेकडीवर, जॉर्ज नाकाशिमा (१९०५-१९९०) या फर्निचर घडवणाऱ्या कारागिराचे घर आणि कर्मशाळा आहे. डझनाहून अधिक लहानमोठ्या इमारतींचा हा परिसर. त्यात राहते घर, सुतारकामाचे दालन, खुर्च्यांसाठी वेगळी शेड, तेलपॉलिशसाठी वेगळी शेड, पाहुण्यांचे घर, कलादालन आणि लाकूड साठवण्याच्या मोठमोठ्या शेडा. २०१४ साली अमेरिकी सरकारने या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. त्याच वर्षी जागतिक स्मारक निधीने जगभरातील लक्ष देण्याजोग्या वारसास्थळांच्या आपल्या यादीत त्याचा समावेश केला.

या जागेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक लेखन एकाच सुरातले आहे. नाकाशिमांनी १९८१ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘द सोल ऑफ अ ट्री’, म्हणजे झाडाचा आत्मा. त्या नावाने टीकाकारांना एक सोपी किल्ली दिली. जपानी वंशाचा माणूस, पाँडिचेरीच्या आश्रमात राहिलेला, झाडांशी बोलणारा. मग त्याचे घर म्हणजे तपोवन आणि त्याचे टेबल म्हणजे ध्यानवस्तू. हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. परिसराचे आराखडे, छायाचित्रे आणि नाकाशिमांचे स्वतःचे लेखन शेजारी ठेवून वाचले की माझी नजर पुन्हा पुन्हा लाकडाच्या शेडांकडे जाते. मराठीत या जागेला नेमका शब्द आहे: वखार. या परिसराचे केंद्र वखारीत आहे असे मला वाटते. नाकाशिमांच्या कामाचा अर्थ आत्म्याच्या भाषेपेक्षा वखारीच्या हिशेबातून अधिक नीट लागतो. तो तसा लावला नाही, तर जागेचे जतन करतानाही आपण चुकीची गोष्ट जपत बसू.

आश्रम आणि छावणी

नाकाशिमा मुळात वास्तुरचनाकार. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे जन्म, वॉशिंग्टन विद्यापीठात आधी वनशास्त्राचे आणि मग वास्तुकलेचे शिक्षण, १९३० साली एमआयटीची पदव्युत्तर पदवी. मंदीच्या काळात अमेरिका सोडून ते पॅरिसमार्गे जपानला पोहोचले आणि टोकियोत अँटोनिन रेमंड या चेक-अमेरिकी वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात लागले. रेमंड यांच्याकडे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील ‘गोल्कोंड’ या साधकनिवासाचे काम आले, आणि त्याच्या देखरेखीसाठी नाकाशिमा भारतात आले. हैदराबादचे सर अकबर हैदरी यांनी या इमारतीसाठी देणगी मिळवून दिली, म्हणून ते नाव.

गोल्कोंड ही भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींपैकी एक. काँक्रीटची, पण यंत्रयुगाचा तोरा नसलेली. उत्तर आणि दक्षिण या दोन्ही बाजूंना भिंतीऐवजी वरखाली फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्यांची झडप आहे. खिडक्यांना काचा नाहीत. छपरावर कमानदार काँक्रीटच्या तुकड्यांचा दुसरा थर आहे, त्यामुळे मधल्या पोकळीतून हवा खेळते. खोल्यांना सागवानाची सरकती दारे आहेत. ही इमारत साधकांनी आणि मजुरांनी मिळून, घाई न करता बांधली. नाकाशिमांनी तिथे पगार घेणे थांबवले आणि ते साधक म्हणून राहिले. त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव मिळाले. १९३९ मध्ये, इमारत पूर्ण होण्याआधीच, ते भारतातून निघाले.

इथवरची गोष्ट भाविक टीकाकारांना प्रिय आहे. पुढचा टप्पा ते लवकर उरकतात, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. अमेरिकेत परतल्यावर नाकाशिमांनी वास्तुकलेचा पेशा सोडला. पश्चिम किनाऱ्यावर फ्रँक लॉइड राइट यांच्या एका घराचे चालू बांधकाम पाहून ते निराश झाले होते. आराखडा एकाचा, हात दुसऱ्याचे आणि दोघांत संवाद नाही, हे त्यांना मानवणारे नव्हते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या देखरेखीखाली राहील असे काहीतरी करायचे, म्हणून ते फर्निचरकडे वळले. सिॲटलमध्ये एका मिशनच्या मुलांच्या क्लबात, मुलांना सुतारकाम शिकवण्याच्या मोबदल्यात, त्यांना जागा मिळाली. तेवढ्यात युद्ध आले. १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. नाकाशिमा, त्यांची पत्नी मॅरियन आणि तान्ही मुलगी मीरा यांची रवानगी आयडाहोच्या ओसाड पठारावरील मिनिडोका छावणीत झाली.

तिथे त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले. जपानमध्ये परंपरेने तयार झालेले हे सुतार. एमआयटीचा पदवीधर त्यांच्या हाताखाली पुन्हा उमेदवारीला बसला. जपानी करवत आणि रंधा कसा ओढायचा, पटाशीची धार कशी राखायची, सांधा खिळ्यावाचून कसा बसवायचा हे तो इथे शिकला. लाकूड कोणते, तर छावणीच्या बांधकामातून उरलेले तुकडे आणि पठारावरची वेडीवाकडी झुडपे. निवडीला वाव नव्हता. जे मिळाले त्याच्या गाठी आणि वाक सांभाळूनच वस्तू करायची होती.

नाकाशिमांच्या शैलीची जी लक्षणे पुढे जगभर गाजली, म्हणजे झाडाची मूळ कड तशीच ठेवणे, गाठ न लपवणे, फट दाखवणे, त्यांचा उगम ध्यानात शोधण्याआधी या छावणीतल्या तुटवड्यात शोधायला हवा. काम म्हणजे अर्पण, ही दृष्टी पाँडिचेरीने दिली. फेकण्याजोगे काही नाही, ही सवय मिनिडोकाने लावली. दृष्टी आणि सवय यांतला फरक लहान नाही. दृष्टीवर भाषण करता येते. सवय मात्र कर्मशाळेच्या मांडणीत दिसते.

आधी कर्मशाळा, मग घर

१९४३ मध्ये रेमंड यांनी जामीन राहून या कुटुंबाला छावणीतून सोडवले आणि न्यू होपजवळच्या आपल्या शेतावर आणले. तिथे नाकाशिमा कोंबड्या सांभाळत. काही वर्षांनी त्यांना ॲक्वेटाँग रस्त्यावर थोडी जमीन मिळाली, तीही पैशाने नव्हे तर श्रमाच्या मोबदल्यात. कुटुंब तंबूत राहिले. आधी कर्मशाळा बांधली गेली, नंतर घर. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुढची चार दशके हा परिसर त्याच क्रमाने वाढला: कामाची गरज आधी, राहण्याची सोय नंतर.

घर साधे आहे. परिसरातला दगड, लाकूड, दक्षिणेची उन्हे आत घेणाऱ्या काचा आणि जपानी सरकते पडदे. चकित करतात ती छपरे. १९५०च्या दशकाअखेरीस बांधलेल्या कोनॉइड स्टुडिओचे छप्पर काँक्रीटच्या पातळ कवचाचे आहे. एका बाजूला ते शिंपल्याच्या कडेसारखे लाटा घेत उठते आणि दुसऱ्या बाजूला सपाट होत टेकते. १९६७च्या कलादालनाचे छप्पर घोड्याच्या खोगिरासारखे दोन दिशांनी वळलेले आहे. हे दालन चित्रकार बेन शान यांच्याशी असलेल्या मैत्रीतून उभे राहिले. तलावाजवळच्या छोट्या इमारतीवर कमानीचे छप्पर आहे. लाकडासाठी ओळखला जाणारा माणूस एकामागून एक छपरे काँक्रीटच्या आणि प्लायवूडच्या कवचांची करतो, याला तपोवनाच्या चौकटीत जागा नाही. म्हणून ती चौकट मानणारे या छपरांचे कौतुक करतात, पण त्यांचा अर्थ लावत नाहीत.

अर्थ लावणे अवघड नाही. वास्तुरचनाकाराचा पेशा सोडला तरी त्यांच्यातला रचनाकार गेला नव्हता. कवचाचे छप्पर आपल्या आकारामुळे बळकट होते. थोड्या सामानात मोठा गाळा झाकला जातो आणि मध्ये खांब लागत नाही. कामाला मोकळी जमीन हवी, पैसा मर्यादित. दोन्हींचे उत्तर एकच. कोनॉइड खुर्चीतही हाच विचार आहे. तिला पुढे पाय नाहीत. दोनच पाय जमिनीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांवर उभे, आणि बैठक त्यांच्यापुढे अधांतरी. ही टिकेल का, अशी शंका घेतली गेली, पण खुर्ची टिकली. स्टुडिओच्या छपराखाली जन्मलेल्या या खुर्चीने छपराचे नाव घेतले, आणि ते योग्यच झाले. दोन्हींमध्ये वजन कुठून कुठे जाते याचा काटेकोर हिशेब आहे. झाडाचा आत्मा हा हिशेब करून देत नाही.

फळ्यांचा क्रम

आता वखारीकडे. सामान्य गिरणीत ओंडका असा चिरतात की जास्तीत जास्त सरळ, चौकोनी, विकाऊ माल निघावा. वेगवेगळ्या ओंडक्यांच्या फळ्या एकत्र होतात, प्रतवारी लागते, आणि फळीला आपले झाड कोणते हे सांगता येत नाही. नाकाशिमा ओंडका एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पावासारखा सलग चिरून घेत. चिराई चालू असताना स्वतः उभे राहत आणि पुढचा काप किती जाडीचा हे त्या त्या वेळी ठरवत. चूक झाली तर शतकभर वाढलेले झाड वाया. मग त्या फळ्या निघाल्या त्याच क्रमाने, मध्ये लाकडी पट्ट्या घालून, एकावर एक रचल्या जात. ओंडका जणू पुन्हा उभा राही, फक्त थरांमध्ये हवा खेळती.

लाकूड हवेवर वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागते, असा सुतारांचा जुना आडाखा आहे. त्यानंतर भट्टी, आणि भट्टीनंतरही योग्य वस्तूची वाट. काही फळ्या इथे दशकानुदशके पडून असतात. व्यापाराच्या दृष्टीने हे अडकलेले भांडवल. नाकाशिमांचे खरे धाडस मला इथे दिसते. पैसे आले की त्यांचे ओंडके होत, आणि त्या ओंडक्यांचे टेबल होताना पाहायला आपण असू याची खात्री नसे.

फळ्यांचा क्रम राखण्याला केवळ भावनिक कारण नव्हते. लागोपाठ निघालेल्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून शेजारी ठेवल्या की रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. नाकाशिमांच्या मोठ्या टेबलांचे सौंदर्य बहुधा या जोडणीतून येते. ती कागदावर रेखाटून होत नाही. दोन्ही फळ्या एकत्र जपल्या असतील तरच होते. म्हणजे टेबलाची रचना कागदाच्या आधी वखारीत, रचाईच्या वेळी सुरू होते.

तीच गोष्ट फटींची. फळीच्या टोकांकडून ओल लवकर जाते, म्हणून टोके आधी तडकतात. गिरणी तेवढे टोक कापून टाकते. नाकाशिमा फट ठेवत आणि तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा खोबणीत घट्ट बसवत. डमरूची कंबर फटीवर आणि दोन रुंद टोके फटीच्या दोन बाजूंना. तुकड्याचे तंतू फटीला काटकोनात असल्यामुळे ताण सहन होतो आणि फट पुढे सरकत नाही. सुतारकामातली ही जुनी युक्ती. नाकाशिमांनी ती लपवली नाही, एवढेच.

आज हा डमरू जगभर दिसतो. ओबडधोबड कडेची, मध्ये निळे रेझिन ओतलेली टेबले आपल्या शहरांतील हॉटेलांतही आली आहेत. फट नसलेल्या फळीवरही शोभेचे डमरू बसवलेले असतात. त्यात दोन गोष्टी हरवल्या आहेत. डमरू फटीपोटी येतो, आणि फट स्वीकारावी लागते ती फळी टाकून न देण्याच्या निर्णयापोटी. तो निर्णय वजा केला की उरते नक्षी. तुटवड्यातून आलेले व्याकरण श्रीमंतीचा अलंकार बनते.

याचा दोष अनुकरण करणाऱ्यांवर ढकलून मोकळे होता येणार नाही. आत्म्याच्या भाषेनेच ही वाट करून दिली. प्रत्येक फळीत एकमेव आत्मा असेल, तर प्रत्येक टेबल एकमेव ठरते आणि एकमेव वस्तूला बाजार हवी ती किंमत देतो. १९७३ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांच्या पोकँटिकोतील घरासाठी नाकाशिमांनी दोनशेहून अधिक वस्तू केल्या. २००६ मध्ये त्यांचे एक टेबल न्यूयॉर्कच्या लिलावात आठ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. छावणीतल्या उरल्यासुरल्या तुकड्यांपासून इथवरचा प्रवास ज्याला विसंगत वाटत नाही, त्याने त्या टेबलाकडे नीट पाहिलेले नाही.

टेबलाखालचे नाव

लिलावघरांना अडचणीत टाकणारी एक सवय या कर्मशाळेत होती. नाकाशिमा वस्तूवर स्वतःची सही करत नसत. टेबल उलटे केले की खाली काळ्या शाईत नाव दिसते ते ग्राहकाचे. हे लाकूड कोणासाठी निवडले, त्याची ती नोंद. सही त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकाच्या सुमारास, मागणी वाढल्यावर, सुरू केली. ग्राहकाचे नाव हा व्यवहाराचा पुरावा आहे: फळी अमुक माणसाच्या अमुक खोलीसाठी बाजूला काढली. सही हा मालकीचा पुरावा आहे. आज बाजार दुसऱ्या पुराव्याला अधिक पैसे मोजतो.

सहीच्या प्रश्नापाठोपाठ हातांचा प्रश्न येतो. ‘झाडाचा आत्मा’ या मांडणीत संवाद दोघांचाच राहतो, झाड आणि निर्माता. पण परिसराचा आराखडा वेगळेच सांगतो. खुर्च्यांचा विभाग वेगळा, तेलपॉलिशचा वेगळा, यंत्रे कुठे आणि हाताचे काम कुठे याची वाटणी ठरलेली. नाकाशिमांना यंत्रांचे वावडे नव्हते. जाड काम यंत्राने आणि सांध्याचे शेवटचे माप हाताने, हा त्यांचा साधा नियम होता. कितीतरी कारागिरांच्या हातांतून ही टेबले गेली. स्वतःला आश्रमवासी म्हणवणाऱ्या माणसाने एक नीट चालणारा कारखाना उभा केला होता, आणि यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो हे न सांगण्यात.

१९९० मध्ये नाकाशिमा गेले तेव्हा ही उणीव व्यवहारात भोवली. वास्तुकला शिकलेली आणि १९७० पासून वडिलांसोबत काम करणारी मीरा तिथे होती, कारागीर तेच होते, वखारीत वडिलांनीच चिरून घेतलेले लाकूड होते. तरी काही ग्राहकांनी आपल्या मागण्या रद्द केल्या. त्यांना टेबल नको होते, सही हवी होती. मीरा नाकाशिमांनी कर्मशाळा चालू ठेवली. जुन्या वस्तू त्याच पद्धतीने करवल्या आणि सोबत स्वतःच्या रचनाही केल्या. टीकाकारांनी या टप्प्याला ‘वारसा चालवणे’ एवढ्यावर संपवले आहे. मला तो या संपूर्ण जागेची परीक्षा वाटतो. नाकाशिमांचे काम जर खरोखर एका ऋषितुल्य माणसाच्या अंतर्ज्ञानाचे असते, तर ते १९९० मध्ये संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण ते फळ्यांच्या क्रमात, चिराईच्या शिस्तीत आणि कारागिरांच्या हातांत साठवलेले होते.

काय जपायचे?

राष्ट्रीय स्थळाचा दर्जा मिळतो तो इमारतींना. गेटी प्रतिष्ठानानेही आधुनिक वास्तूंच्या जतनासाठी या परिसराला अनुदान दिले. पातळ कवचाची छपरे गळतात, तडकतात. त्यांची काळजी घ्यायलाच हवी. पण वखारीला असा दर्जा देता येत नाही. तिथली प्रत्येक फळी विकली जाण्यासाठी आहे. ती जपली तर वखारीचे गोदाम होईल, आणि वापरली तर ‘मूळ’ वस्तू कमी होत जाईल. या पेचाला एकच उत्तर आहे: जितके लाकूड जाईल तितके नवे येत राहिले पाहिजे. जतनाचे हे मोजमाप कोणत्याही सरकारी यादीत बसत नाही.

भारताशी या जागेचे नाते गोल्कोंडपुरते नाही. १९६४ मध्ये नाकाशिमा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि त्यांच्या आराखड्यांवरून तिथल्या सुतारशाळेत फर्निचर तयार झाले. खंडाखंडांत एकेक शांतीचे टेबल असावे, या त्यांच्या अखेरच्या स्वप्नातले पहिले टेबल १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर एक ऑरोव्हिलला आले. अहमदाबादचा अध्याय मला या दोन्हींहून मोलाचा वाटतो. तिथे आराखडे नाकाशिमांचे होते आणि हात भारतीय सुतारांचे. ती टेबलेखुर्च्या आज ‘नाकाशिमांच्या’ म्हणून ओळखल्या जातात. सुतारांची नावे वस्तूवर नाहीत.

हे वाचताना मराठी वाचकाला दूरचे वाटू नये. आपल्याकडे वाडे पडतात तेव्हा त्यांचे सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी बाजारात येतात. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात त्यांना चांगली किंमत मिळते. बारा बलुतेदारांत सुतार होता. नांगरापासून देवघरापर्यंत सारे त्याच्या हातचे. वाडा पेशव्यांच्या सरदाराच्या नावाने उरतो, खांब दुकानदाराच्या नावाने विकला जातो, आणि ज्या छपराखाली तो खांब घडला ती सुताराची जागा कोणत्याही वारसायादीत नसते. न्यू होपच्या परिसराला मिळालेली मान्यता म्हणूनच महत्त्वाची. एका सुताराची काम करायची जागा राजवाड्याच्या रांगेत बसली. ती मान्यता आत्म्याच्या नावाने मिळाली, याचे मला फारसे दुःख नाही. मात्र ती टिकायची असेल, तर तिथल्या लोकांना आत्म्यापेक्षा ओंडक्यांची काळजी अधिक करावी लागेल: कोणते झाड पडले, ते कोण चिरणार, चिराईच्या वेळी शेजारी उभे राहून जाडी ठरवायला कोणाला शिकवले आहे. मीरा नाकाशिमांच्या पिढीनंतर या तीन प्रश्नांना तिथे उत्तर देणारे कोणी असेल, तर छपरे गळाली तरी जागा शाबूत राहील. नसेल, तर टेकडीवर अनेक सुंदर इमारती उरतील आणि त्यातली सर्वांत मोठी रिकामी असेल.